वाडीतला गुरुवार

माहीम, ता. पालघर
७ नोव्हेंबर १९६७

कमळू,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहीत बसत नाही.

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी ओटीवर वाल-पापडी निवडत होते. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि हात पुसायला उठले, ती बराच वेळ हातच पुसत राहिले. चार वर्षांनी पत्र, आणि तेही 'सौ. जमनाताई यांस, आपण कुशल असाल' असं. अरे, मी काय तुझी हेडमास्तरीण आहे? लहानपणी शेणात घसरून पडलास की विहिरीवर नेऊन तुला धुऊन काढणारी मी. पुन्हा 'आपण' लिहिलंस तर उत्तर मिळणार नाही.

भाऊबीज शनिवारी झाली. तू तिच्याबद्दल काही लिहिलं नाहीस, मीही लिहीत नाही.

आता कामाचं. मी पत्र यांना दोनदा वाचून दाखवलं, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते बघायला. तारापूरच्या बांधकामावर तुझे वरचे साहेब आहेत ते हॉलिस. तू शिकायला अमेरिकेत होतास तेव्हा ते तिथेच होते. त्यांच्याकडे नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, पीक घरात आलं म्हणून, सगळं घर एकत्र जेवतं आणि देवाचे आभार मानतं. थँक्सगिव्हिंग. पहिल्या वर्षी तू खोलीवर एकटा होतास, तर त्यांच्या मॅडमनी तुला बोलावून आपल्या दोन मुलींच्या मध्ये बसवून जेवू घातलं. यंदा मुली तिकडे, मॅडम इकडे कॉलनीत, सामान अजून मुंबईच्या बंदरात, घरात दोनच शेगड्या, आणि मॅडम रोज रडतात. म्हणून तुला ते जेवण त्यांच्यासाठी करायचंय. मोठा पक्षी कुठे मिळेल, लाल भोपळा आणि रताळी मी पाठवीन का, आणि कॉलनीतल्या स्वयंपाक्याला कृती लिहून देईन का, असं विचारलंयस.

भोपळा आहे. रताळी आहेत. कृती देणार नाही. कृती कागदावरून जात नाही, हातातून जाते, आणि तुझ्या त्या स्वयंपाक्याचे हात मी पाहिलेले नाहीत. जेवण मीच करणार. इथे करणार. कॉलनीतल्या दोन शेगड्यांवर नाही, माझ्या माहेरी, आपल्या बापूंच्या वाडीत, उघड्यावर, पानमळ्याशेजारी. तू त्या दोघांना घेऊन यायचं.

बापूंची तब्येत चांगली आहे. एवढं पुरे.

जमनाताई


१२ नोव्हेंबर १९६७

कमळू,

'तू' लिहिलंस, बरं वाटलं. बाकी पत्र बरं वाटलं नाही.

तू लिहितोस, बापूंनी तुला दार बंद केलंय, मग त्यांच्या अंगणात पान कसं मांडायचं. त्यांचं ते चार वर्षांपूर्वीचं पत्र अजून जपून ठेवलंयस हेही लिहितोस. जुने कागद कशाला जपतोस? वाळवी लागते. दाराचं मी बघते.

मंदा येणार का, असंही विचारलंयस. सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगते. मंदा माझी नणंद आहे, या घरची लेक आहे, ती का येणार नाही? तुझ्याशी साखरपुडा होऊन मोडला म्हणून ती काही तोंड लपवून बसलेली नाही. तिने शिक्षिकेचा कोर्स केला, आता पालघरच्या शाळेत आहे, तिथेच खोली घेऊन राहते. लग्नाच्या दोन मागण्या आल्या होत्या, दोन्हींना तिने स्वतः नाही म्हटलं. तिला मी पत्र टाकलंय. तुमच्या मॅडमशी इंग्रजीत बोलायला कुणी तरी हवंच, मी आणि बापू नुसते माना हलवणार.

आता बेत ऐक. मधोमध उकडहंडी. कोनफळ, रताळी, वालपापडी, कच्ची केळी, वांगी, ओल्या नारळाचं वाटण, सगळं मडक्यात थरावर थर. कोनफळ मंगळी आणणार आहे. मंगळी म्हणजे डोंगराकडच्या पाड्यावरची, आपल्या वाडीत कामाला येते ती, तू ओळखतोस. मडकं उपडं घालून वर पेंढा आणि गोवऱ्या पेटवायच्या. पक्षीही तसाच शिजवणार, फक्त वेगळ्या हंड्यात. वेगळ्या अशासाठी की तुमचा सण नेमका गुरुवारी येतो आणि बापू गुरुवारी सामिषाला शिवत नाहीत. तुमच्या लोकांना शुक्रवार चालत नाही का? नसेल चालत तर राहू दे. हंडे दोन आहेत.

मॅडमना तांबडी आंबट चटणी लागते म्हणतोस, आणि ते फळ इथे होत नाही. अंबाडीची लाल बोंडं आत्ताच धरली आहेत. गुळात शिजवली की रंग आणि आंबटपणा दोन्ही येतील. त्यांना फरक कळला तर माझं नाव बदल.

गोडाला आपण काकडीचं धोंडस करतो तसंच भोपळ्याचं करीन. नारळाचं दूध, गूळ, तांदळाचा रवा, खाली-वर निखारे. तू म्हणतोस ते 'पाय' काय असतं ते मला माहीत नाही आणि आता या वयात शिकणार नाही.

पक्ष्यासाठी हे डहाणूकडे जाताहेत. तिथल्या एका इराण्याच्या चिकूवाडीत टर्की पाळलेल्या आहेत असं यांनी पूर्वी पाहिलंय.

जमनाताई


१७ नोव्हेंबर १९६७

कमळू,

पक्षी आला. रागीट आहे. याच्या डोक्यावरून मांस लोंबतं, मी असलं जनावर जन्मात पाहिलं नव्हतं. परवा आल्यापासून अंगणात कुणाला येऊ देत नाही. मंगळीने त्याला पाहिलं आणि म्हणाली, "हा खायाचा हाय का पुजायाचा?" मी म्हटलं, अमेरिकेत दोन्ही करतात.

काल आम्ही तालीम केली, एका गावठी कोंबड्यावर. पहिल्या खेपेला वरून करपला, आतून कच्चा. हे हसले. मंगळी हसली नाही. तिने हंड्याभोवती केळीची पानं दुहेरी लावली, विस्तव बाजूला सारून लांब केला आणि दुसरा कोंबडा असा निघाला की हाडं आपोआप सुटली. तेव्हा पक्ष्याची काळजी करू नकोस.

बापूंना मी मंगळवारी सांगितलं. ते नागवेलीला दोरे बांधत होते. म्हटलं, पुढच्या गुरुवारी वाडीत पाहुणे आहेत, अमेरिकेचे, आणि सोबत कमळू आहे. ते बांधत राहिले. ती सगळी ओळ बांधून झाली तेव्हा म्हणाले, "त्याला वाट म्हाईत हाय." एवढंच. पण संध्याकाळी गेले आणि वाडीतली पाटाची वाट झाडून आले. गडी असताना स्वतः झाडली.

काल मात्र त्यांनी मला एक विचारलं. म्हणाले, "जमने, तवा मी त्याला काय लिवाय सांगितलं होतं, तुला आठवतं का?" मी म्हटलं, चार वर्षं झाली बापू, कसं आठवणार. म्हणाले, "मला आठवतं. म्हनून तर इच्यारतो. त्या पत्राला पोरानं जबाब का नाय दिला?"

मी भोपळा बघायला म्हणून आत गेले.

गुरुवारी अकरापर्यंत या. जीप वाडीच्या फाटकापर्यंत येते.

जमनाताई


२० नोव्हेंबर १९६७, सोमवार

कमळू,

आत्ता तुझं पत्र हातात पडलं. जीपमधून हॉलिस साहेब आणि मॅडम येतील, सोबत ड्रायव्हर येईल, तू येणार नाहीस. 'ज्या माणसाने तोंड दाखवू नकोस असं लिहिलं, त्यानेच बोलावल्याशिवाय मी येणार नाही, आणि बापूंनी मला अजून बोलावलेलं नाही.' असं तू लिहिलंयस. बरोबर आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही आले नसते.

हे पत्र पोस्टाने वेळेत पोचणार नाही. हे स्वतः बोईसरला येऊन तुझ्या हातात देतील. ते समोर असताना वाचू नकोस, त्यांनाही यातलं माहीत नाही.

ते पत्र बापूंनी लिहिलं नाही. मी लिहिलं.

अक्षर माझं होतं हे तुला माहीतच आहे. बापूंना सहीपुरतं येतं, त्यांची सगळी पत्रं मीच लिहिते. त्या डिसेंबरात तुझं पत्र आलं, की अमेरिकेसाठी निवड झाली, लग्न दोन वर्षं पुढे ढकला, मंदाला थांबायचं नसेल तर तिला मोकळी करा. बापू ओटीवर बसले आणि मला म्हणाले, लिही. त्यांनी सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. गुरुवारी बापूंना 'कसं आठवणार' म्हटलं ते खोटं. ते म्हणाले, "लिव, जा म्हनावं. दोन वरसांनी काय आभाळ पडत नाय. पोरीला मी जाऊन इच्यारतो. पन जायच्या आदी एकदा येऊन जा. तुला आय नाय, मी हाय."

मी ते लिहिलं नाही. मी लिहिलं की, शब्द मोडणाऱ्याला या घराचं दार बंद, तोंड दाखवू नकोस. आणि खाली त्यांची सही घेतली. त्यांनी वाचून दाखव म्हटलं तेव्हा त्यांचेच शब्द त्यांना म्हणून दाखवले. मंदाला विचारायला ते निघाले तेव्हाही, कमळू येऊन जाऊ दे, मग विचारा, म्हणून मीच थांबवलं.

का, ते सांगते. सबब म्हणून नाही. हे स्थळ मी जमवलं होतं. माझ्या सासरी तीन दिवस कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. मंदा स्वयंपाकघरात एकटी बसलेली असायची, मला वाटायचं रडते. मला तुझा राग आला होता. आणि मला खात्री होती की असं पत्र गेलं की तू पहिल्या गाडीने धावत येशील, बापूंच्या पाया पडशील, दोघं समोरासमोर बसाल आणि सगळं नीट होईल. माझे अंदाज कधी चुकत नाहीत असं मला तेव्हा वाटत असे. तू धावत आला नाहीस. विमानात बसलास.

तुझ्या जाण्याआधीचे आठ दिवस बापू रोज दुपारच्या एस.टी.ला नाक्यावर जाऊन उभे राहत होते. मी ते पाहिलं आणि गप्प राहिले. एकदा गप्प राहिलं की दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड होतं, आणि मग चार वर्षं होतात.

आता तुला कळलं. बापूंनी तुला चार वर्षांपूर्वीच बोलावलं आहे. तू ये किंवा येऊ नकोस. आलास तर माझ्याशी बोललं पाहिजे असं नाही. मी चुलीपाशी असेन, तुझ्या वाटेत येणार नाही. बापूंना मीच सांगीन. तू सांगू नकोस, ते माझं काम आहे.

जमना


२६ नोव्हेंबर १९६७, रविवार

कमळू,

तू आलास. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. ठरल्याप्रमाणेच झालं म्हणायचं.

तू तिथे होतास तरी तुझी मान सगळा वेळ पानातच होती, म्हणून मला दिसलं ते लिहिते.

तुम्ही वाटेवरून येत होतात तेव्हा बापू मळ्यात नव्हते, फाटकाआड होते. साडेनऊपासून. तू वाकलास तेव्हा त्यांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि 'गाडी वेळेवर निघाली का' असं विचारलं. तू हो म्हणालास. चार वर्षांनी एवढंच बोललात आणि मॅडम मात्र रुमालाने डोळे पुसत होत्या. त्या समजूतदार बाई आहेत.

हंडा उघडला तेव्हा मॅडमनी दोन्ही हात तोंडावर ठेवले, ते तू पाहिलंस. मंगळीने केळीची पानं बाजूला केली आणि पक्षी सोन्यासारखा निघाला. अंबाडीची चटणी त्यांनी चारदा घेतली. साहेबांनी उकडहंडीतलं जांभळं कोनफळ बोटाने उचलून बघितलं आणि मग बोलायचेच थांबले. मंगळीला मॅडमनी हाताला धरून आपल्या शेजारी चटईवर बसवलं. बापू काय म्हणतात म्हणून मी बघितलं. ते म्हणाले, "हंडा तिनं राखला, पयलं पान तिचं." आजवर आपल्या वाडीत ती पंगतीला बसली नव्हती. आपण तिला कधी बस म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मग मॅडम म्हणाल्या की त्यांच्या घरी या जेवणात प्रत्येकजण एकेक गोष्ट सांगतो, कशाबद्दल आभार मानायचे ती. तू मराठीत सांगितलंस. मंगळी म्हणाली, भात घरात आला. बापू म्हणाले, पानवेलीला यंदा रोग नाही आणि लेक जेवायला बसलाय. मंदा काय म्हणाली ते इंग्रजीत होतं, मला कळलं नाही. मग माझी पाळी आली.

मी आधी ठरवलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर सांगणार होते. पण बापूंनी 'लेक जेवायला बसलाय' म्हटलं ते ऐकल्यावर मी हातातला घास पानात परत ठेवला. मी सगळं सांगितलं. जे तुला लिहिलं तेच, तेवढंच.

मॅडम तुझ्याकडे बघत होत्या, मी काय म्हणाले म्हणून. तू त्यांना काही तरी सांगितलंस. त्या हसल्या, माझा हात धरला, थोपटला. तू काय सांगितलंस ते मंदाने मला संध्याकाळी सांगितलं. 'भोपळा गोड निघाला म्हणून ती देवाचे आभार मानते आहे.'

कमळू, माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

बापूंचं तू ऐकलंसच. ते म्हणाले, "आज गुरवार हाय. आज मी रागावनार नाय." आणि धोंडस मागून घेतलं. तुला वाटलं असेल, सुटली. पुढचं ऐक.

शुक्रवारी सकाळी सातला ते आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, चहा घेतला नाही. मला म्हणाले, "चार वरसं मी त्या पोराला नालायक म्हनत होतो. मनात म्हनत होतो, गावात म्हनत होतो. त्ये मी कसं परत घेऊ? सांग."

मी रडले असते तर त्यांनी जवळ घेतलं असतं, म्हणून रडले नाही. ते आले तसे गेले. काल भेटले तेव्हा बोलले, पण कामापुरतं. पत्रं यापुढे मंदा लिहील, शनिवारी येते तेव्हा. तसं त्यांनी तिला विचारलं आणि ती हो म्हणाली. बरोबर आहे. माझी तक्रार नाही.

मंदाचंही सांगते, कारण तू विहिरीपाशी तिच्याशी काय बोललास ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. भांडी घासताना तीच म्हणाली. त्या डिसेंबरात ती स्वयंपाकघरात रडत नव्हती, शिक्षिकेच्या कोर्सचा अर्ज भरत होती. तुझं जाणं तिला सोयीचं पडलं होतं. "वहिनी, मी थांबले असते की नाही, ते मला आजही माहीत नाही. पण तुम्ही मला विचारायला हवं होतं. बापू विचारायला येणार होते, त्यांना तुम्ही येऊ दिलं नाहीत." मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, हो. आणि पुढचं भांडं घेतलं.

मी आयुष्यात लोकांची पुष्कळ कामं त्यांना न विचारता केली आहेत आणि बहुतेक चांगली केली आहेत. हे एक वाईट केलं. क्षमा मागते. एकदाच मागते, कारण पुन्हा पुन्हा मागितली की समोरच्याला ती द्यावीच लागते.

मॅडमना अंबाडीची चटणी आवडली. बरणी भरून ठेवली आहे, कुणाबरोबर तरी पाठवीन.

जमना


३ डिसेंबर १९६७

कमळू,

काल मी पालघरच्या बाजारात गेले होते तेव्हा तू घरी येऊन गेलास असं हे म्हणाले. बापूंकडे नाही, आधी इथे आलास. पाऊण तास ओटीवर बसलास. दुपारचं बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी यांनी वाढली, ती जेवलास. बरणी स्वतः मागून घेतलीस.

आणि जाताना म्हणालास म्हणे, कालवणात मीठ कमी होतं.

मीठ कमी नव्हतं. तुझ्यानंतर हे जेवले, मी जेवले, कुणालाही कमी वाटलं नाही. तुला वाटलं असेल तर समोर बसून सांग. बुधवारी मी दिवसभर घरी आहे.

ताई